अनुभव धागा: मार्केट हारबरोची कौन्सिल निवडणूक, मत नेमकं कुठे बाद होतं?

पुरणपोळी_लेस्टर: फोनची गॅलरी रिकामी करताना हारबरोच्या त्या खांबांवर उभ्या १६१४ च्या शाळेचा फोटो वर आला, तारीख ४ मे २०२३. इंग्लंडात लोकल निवडणुकीला फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं तोच दिवस. आपला भारतीय पासपोर्ट आणि यूकेचा व्हिसा असला तरी इथे कौन्सिलला मत देता येतं, म्हणून धागा काढतेय. किस्से नकोत, माशी कुठे शिंकते तेवढं लिहा.

दगडू_चहावाला: ओळखपत्र म्हणून आपला पासपोर्टच चालतो की. मुदत संपलेलाही, चेहरा ओळखू आला म्हणजे झालं. ज्येष्ठांचा बसपास चालतो, युनिव्हर्सिटीचं कार्ड नाही. काहीच नसेल तर व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट फुकट मिळतं, पण अर्ज मतदानाआधी सहा कामाचे दिवस, संध्याकाळी ५ पर्यंत. मधले बँक हॉलिडे धरायचे नाहीत, तिथेच गणित फसतं.

वाटाणे_सोलते: पोस्टल मत! अ लिफाफ्यात मतपत्रिका, मग तो अ आणि निवेदनाचा कागद दोन्ही ब मध्ये. निवेदनावर जन्मतारीख मागतात, लोक आजची तारीख टाकून मोकळे. गेलं मत. सही अर्जावर केली होती तश्शीच हवी. कुकर झाला, येते

आडनाव_नको: ते सगळं ठीक, रस्त्यातले खड्डे कोणाचे??

पुरणपोळी_लेस्टर: काउंटीचे, म्हणजे जिल्हाभराच्या मोठ्या कौन्सिलचे. कचरा उचलायचा डिस्ट्रिक्टने, म्हणजे आपल्या हारबरोच्या कौन्सिलने, विल्हेवाट परत काउंटीने. कौन्सिल टॅक्सचं बिल डिस्ट्रिक्ट पाठवतं म्हणून शिव्या त्यांना 😄

गणित_कच्चं: हारबरो डिस्ट्रिक्टचे १९ वॉर्ड, ३४ जागा. म्हणजे काही वॉर्डांत दोन-तीन नगरसेवक. तीन जागा असतील तर तीनपर्यंत फुल्या, दोनच मारल्या तरी चालतात, चौथी मारली की अख्खी पत्रिका बाद. मोजणीची खरी गंमत इथेच. तिन्ही मतं एकाच पक्षाला दिलेल्या पत्रिका वेगळ्या काढून पटकन मोजतात. मिसळीच्या पत्रिका मोठ्या तक्त्यावर एकीशेजारी एक चिकटवून, प्रत्येक उमेदवाराची ओळ आडवी वाचत जातात. त्या लोंबत्या कागदांना म्हणतात ग्रास स्कर्ट. २०२३ ला हुजूर १५, लिबडेम (लिबरल डेमोक्रॅट) १३, मजूर ३, ग्रीन ३. बहुमताला १८ लागतात, म्हणून बाकी तिघे एकत्र आले.

कागदपत्र_काकू: उभं राहायचं असेल तर नुसता व्हिसा पुरत नाही, आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) लागतो. अनामत रक्कम नाही. सूचक आणि अनुमोदक दोघंही त्याच वॉर्डाच्या यादीतले हवेत, समोरच्या फुटपाथचा शेजारी दुसऱ्या वॉर्डात निघतो बरं का. उमेदवाराचा तपशील आधी पूर्ण भरा, मग सह्या घ्या. अर्ज हातानेच नेऊन द्यायचा, ईमेल-पोस्ट नाही, दुपारी ४ ला दार बंद. दोन दिवस आधी कच्चा दाखवून आणलात तर चुका सुधारता येतात.

दगडू_चहावाला: आणि केंद्राबाहेर टेलर तुमचा मतदारयादीतला नंबर विचारतात, ते पक्षाचे असतात. नाही सांगितला तरी चालतं.

आडनाव_नको: टेलर म्हणजे मला वाटलं पॅन्ट आखूड करून देणारा

दगडू_चहावाला: 😂😂 त्यांच्याकडे याद्याच असतात फक्त

वाटाणे_सोलते: आले. पोस्टल पाकीट टाकायचं राहिलं तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर हातात द्या, रात्री १० पर्यंत. तिथे एक फॉर्म भरावा लागतो. स्वतःचं अधिक दुसऱ्यांची पाच, त्यापुढे घेत नाहीत. कौन्सिलच्या दारातल्या पत्रपेटीत सरकवलं तर बाद. भात लागला वाटतं माझा