‘संदर्भित’ म्हणजे नक्की कुठे पाठवलं?

वणीघाट: सुरगाणा-पेठच्या गरोदर मातांसाठी एका पत्रकाचं भाषांतर चाललंय. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रेफर केलं तर गाडी फुकट, असा मजकूर. शासकीय मराठीत ‘संदर्भित केल्यास’. पण आपल्याकडे ‘संदर्भ’ म्हटलं की माणूस थेट नाशिकच्या शालिमारला पोचतो. विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय ते. हृदय, किडनी, कर्करोगाचं. बाळंतिणीला न्यायचं ग्रामीण रुग्णालयात, कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर सिव्हिलला. दुसरा शब्द सुचवा.

शुद्धमती: ‘अग्रेषित केल्यास’. शासनव्यवहारात रुळलेला आहे.

पंचवटीकर: अग्रेषित फाईल होते हो, बाई नाही. लोक ‘पुढं पाठवलं’ म्हणतात, तेच छापा.

दर्भांकुर: ‘संदर्भ’चा काय दोष? सम् + दृभ्. दृभ् म्हणजे गुंफणे. ‘दर्भ’ही त्याच धातूचा. उपकेंद्रापासून सिव्हिलपर्यंत सगळं एका दोऱ्यात ओवलेलं असावं, यासाठी याहून चपखल शब्द नाही.

पंचवटीकर: व्युत्पत्ती मान्य. पण पुस्तकाचा संदर्भ देतात, माणसाला पाठवतात. कोशात ‘रेफर’समोर जे दिसलं ते बहुधा कुणीतरी रुग्णाला चिकटवलं.

प्रसूतिकक्ष: ‘पुढं पाठवलं’मध्ये कुठं, कशानं, काय देऊन, यातलं काहीच येत नाही. पत्रकात शब्दापेक्षा रेफर करताना देतात ती चिठ्ठी समजवा. बीपी वाढून झटके आले तर केंद्रातच मॅगसल्फचा पहिला डोस देतात: दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, एकूण 10. तो किती वाजता दिला हे चिठ्ठीवर नसलं की पुढचे डॉक्टर अडकतात. पुन्हा दिला तर गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते, श्वास मंदावतो. थांबले तर झटका परत येतो. म्हणून वेळ, बीपी, दिलेलं औषध, कुणाला फोन केला, एवढं हवंच. आणि ती चिठ्ठी नातेवाइकाच्या खिशात नको, बाईबरोबरच्या फाईलला टाचलेली हवी.

शुद्धमती: ‘मॅग्नेशियम सल्फेट’ पूर्ण लिहावं.

प्रसूतिकक्ष: चिठ्ठीवर लिहावंच. बोलताना कोण म्हणतं?

वणीघाट: गाडीसाठी 102 लिहू की 108?

प्रसूतिकक्ष: दोन्ही, पण फरक सांगून. 108 कुठल्याही तातडीला. 102 गरोदर माता आणि वर्षाच्या आतल्या बाळासाठी. ती बाळंतपणानंतर घरीही सोडते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात, म्हणजे 2011 पासून, हे फुकट आहे. परतीची गाडी मागावी लागते हे बहुतेकींना माहीतच नसतं.

दर्भांकुर: पत्रकाचं शीर्षक काय ठेवलंय?

वणीघाट: ‘वंचित मातांसाठी समान आरोग्यसेवा’.

दर्भांकुर: ‘वंचित’चा मूळ अर्थ फसवलेला. वंचना, प्रवंचना त्याच घरातल्या. मातेला काय म्हणताय ते बघा.

पंचवटीकर: मग अगदी बरोबर शब्द आहे की! (हल्ली तो निवडणुकीचाही झालाय, ते सोडा.)

सह्यकडा: माझा आक्षेप ‘समान’वर. सपाटीला 5000 लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी-डोंगरी भागात 3000 मागे. प्राथमिक केंद्राला 30000 आणि 20000. म्हणजे मुद्दाम असमान, कारण पाड्यांमधलं अंतर. ‘समन्यायी’ लिहा.

शुद्धमती: ‘समन्यायी’ पाणीवाटपाला शोभतं. ‘समता’ पुरे.

सह्यकडा: गंगापूर-दारणा धरणांचं पाणी मराठवाड्यातल्या जायकवाडीला सोडताना हाच शब्द भांडणात असतो, म्हणून तर नाशिककराला तो कळतो.

पंचवटीकर: कळतो म्हणूनच नको. लोकांना वाटेल आता दवाखानाही मराठवाड्याला सोडणार.

वणीघाट: मंडळी, ‘संदर्भित’चं काय?

दर्भांकुर: ‘समन्यायी’त ‘सम’ आणि ‘न्यायी’ तोडून लिहायचं की जोडून, ते आधी ठरवा.