1970 च्या मालिबूत 6.2 लिटरचं नवं इंजिन: चढवावं की पाप लागेल?

नोव्हीचा_नाना

घरात या विषयावर बोलायला बंदी आहे, म्हणून इथे टाकतोय. गाडी 1970 ची शेवरलेट शेव्हेल मालिबू, दोन दारांची. आत 307 क्युबिक इंचाचं, म्हणजे साधारण 5 लिटरचं व्ही-8, मागे दोनच गिअरचं पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. घेतली तेव्हापासून ऑइल खाते. आता सकाळी चालू केली की असा निळा धूर काढते, की शेजारचे आजोबा न बोलता खिडकी लावून घेतात. परवा कॉम्प्रेशन तपासलं, दोन सिलिंडर बसलेत. म्हणजे खर्च अटळ आहे. प्रश्न एवढाच, की याच 307 चं काम काढायचं, की ते उतरवून शेवरलेटचंच एलएस3 चढवायचं. 6.2 लिटर, 430 हॉर्सपॉवर, नवंकोरं खोक्यातून येतं. मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही, त्यामुळे कायदा आडवा येत नाही. आडवे येतात ते फक्त मित्र.

माझं मत, चढवावं. मसल कार, म्हणजे मध्यम गाडीत मोठं इंजिन, ही जातच मुळात इंजिन बदलून जन्माला आली. 1963 साली जनरल मोटर्सच्या पाँटियाक कंपनीत जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी हे इंजिनिअर बोलत होते, की टेम्पेस्ट या मध्यम गाडीत मोठ्या गाडीचं 389 क्युबिक इंचाचं इंजिन बसवलं तर? टेम्पेस्टमध्ये येणारं 326 आणि हे 389 बाहेरून सारखंच, फाउंडेशनसुद्धा (इंजिन चासीवर टेकतं त्या जागा) तेच. अडचण एवढीच, की मध्यम आकाराच्या गाडीत 330 क्युबिक इंचांच्या वर जायचं नाही असा जनरल मोटर्सचा दंडक होता. मग यांनी ‘नवी गाडी’ म्हटलंच नाही. 1964 साठी ‘जीटीओ’ हा टेम्पेस्टचा एक ऑप्शन म्हणून यादीत घुसवला. पहिल्या वर्षी 32,450 गेल्या!

पुढे डॉन येंको पेन्सिल्व्हेनियात नव्याकोऱ्या कॅमारोतून 396 उतरवून 427 चढवून विकत होता. फोर्डचं बॉस 429 इंजिन मस्टँगमध्ये मावेना, तेव्हा इथे ब्रायटनला, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, फोर्डसाठी काम करणाऱ्या कार क्राफ्टच्या शॉपमध्ये शॉक टॉवर (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे सस्पेन्शनचे खांब) बाहेर सरकवले आणि बॅटरी उचलून डिकीत टाकली. तो फॅक्टरीचा जुगाड आज म्युझियममध्ये मिरवतो. मग मी केलं तर पाप कसं?

अठ्ठ्याहत्तरचा_पाहुणा

नाना, युक्तिवाद वकिली आहे. त्या लोकांनी त्यांच्या काळातलं इंजिन त्यांच्या काळातल्या गाडीत घातलं. तू जवळपास चाळीस वर्षांनंतरचं घालतोयस. नऊवारीवर जॅकेट घालता येतं, पण मग नऊवारी कशाला?

मी 1978 ला इथे आलो तेव्हा या गाड्या जुन्या बाजारात पडीक होत्या. माझ्या पहिल्या गाडीत 350 होतं. थंडीत सकाळी पॅडल दोनदा दाबायचं, जास्त नाही, मग किल्ली. तिसऱ्यांदा दाबलं की फ्लड, आणि मग दहा मिनिटं पेट्रोलच्या वासात हात चोळत बसायचं. बायको म्हणायची, गाडी आहे की सासूबाई. पण त्या गाडीची नाडी मला कळायची. एलएस3 बसवलेली गाडी किल्ली फिरवली की सुरू होते, बस. तशी काय कुठलीही नवी कॅडिलॅकही होते.

आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिथे जाऊन बघ. फर्नडेलपासून पाँटियाक गावापर्यंत बॉनेट उघडून उभ्या असतात. शेव्हेल उघडा, कॅमारो उघडा, नोव्हा उघडा, आत तेच एलएस. एकाने तर मस्टँगमध्ये घातलं होतं. मी पुढे पाहिलंच नाही, शेंगदाणे घेतले आणि निघालो.

एक काम कर. आधी इंजिनाच्या ब्लॉकवरचा ठसा वाच, इंजिन मुळात कोणत्या गाडीचं ते त्यावरून कळतं. 1970 च्या शेव्हेलच्या व्हिनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) व्ही-8 आहे एवढंच कळतं, कोणतं ते कळत नाही. मालिबू आणि महागडी सुपरस्पोर्ट (एसएस) दोघींचा आकडा सारखाच सुरू होतो, म्हणून तर बाजारात नकली एसएस इतक्या. इंजिन गाडीचं स्वतःचं असेल तर हात लावू नकोस.

कॅलिब्रेशनवाला

दोघंही इंजिनावर भांडताय. इंजिन हा यातला सोपा भाग आहे. मी पोटासाठी हेच करतो, शिवाय एका मित्राच्या 1969 च्या शेव्हेलमध्ये दोन हिवाळे घालवलेत.

कार्बुरेटरला पेट्रोल 5-7 पीएसआयने लागतं. एलएस3 ला 58. म्हणजे जुना पंप गेला, पाइप गेले, टाकीत आतला पंप आला, आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकलं की पंप उघडा पडू नये म्हणून टाकीही बदलली. मूळ ऑइल चेंबर क्रॉसमेंबरवर टेकतं, त्यासाठी जुन्या गाड्यांसाठीचं उथळ चेंबर शेवरलेट स्वतःच विकतं. हेडर (धुराचे पाइप) आणि स्टिअरिंग बॉक्स यांच्यात बोट जाईना अशी जागा उरते. पॉवरग्लाइड ठेवणार नसशीलच. सहा गिअरचा मॅन्युअल घातलास तर गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा बोगदा कापावा लागेल, चार गिअरचा मोठा ऑटोमॅटिक घातलास तरी ठोकाठोकी आहेच. मग शाफ्टची लांबी बदलते. मग त्या शाफ्टच्या टोकाला तुझा दहा बोल्टचा ॲक्सल आहे, जो 200 हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी दिलेला होता.

आणि तो 200 चा आकडाही ग्रॉस. इंजिन स्टँडवर, पंखा, एअर क्लीनर, सायलेन्सर काही नसताना मोजलेला. 1972 पासून नेट, म्हणजे हे सगळं बसवून मोजलेले, आकडे द्यायला लागले, तेव्हा लोकांना वाटलं गाड्यांची ताकद एका रात्रीत पळाली. काही खरंच पळाली होती, 1971 ला कॉम्प्रेशन उतरवलं होतं. पण बरीचशी फक्त कागदावरून. तेव्हा ‘1970 चं 454 एलएस6 सुद्धा 450 होतं, माझं 430 काय जास्त’ असं म्हणू नकोस. तुझे 430 हे चाकाकडे जास्त पोचतील.

आता चाकाबद्दल. पुढे ड्रम ब्रेक आहेत ना? विषय संपला. आधी पुढे डिस्क, मग ॲक्सल, मग चासी. कूपेची चासी बाजूने उघड्या सी आकाराची असते, कन्व्हर्टिबलची बंद पेटी असायची. ती बंद करून घे. एवढं झाल्यावर पैसे उरले तर इंजिन. मी स्वॅपच्या बाजूने आहे, पण या क्रमाने.

नोव्हीचा_नाना

डिस्क ब्रेकचं मान्य. ऑर्डर केले. (घरी सांगितलेलं नाही.)

शिरोळीकर

कोल्हापुरातनं वाचतोय. आमच्याकडं हा वाद वडिलांच्या काळात होऊन संपला. जुन्या डॉज, शेवरलेट, जीप, ॲम्बॅसिडर, कशातबी पर्किन्स नाहीतर मेटाडोरचं डिझेल चढवायचे. उद्यमनगरात फाउंडेशनच्या पट्ट्या कापायच्या, वेल्डिंग मारायचं, चार दिवसांत गाडी रस्त्यावर. तुमी पॉवरसाठी बदलता राव, आमी ॲव्हरेजसाठी बदलायचो. पेट्रोल परवडायचंच नाही.

आता गंमत बघा. त्याच गाड्या घेणारी हौशी मंडळी आज मूळ पेट्रोल इंजिन शोधत भंगारवाल्यांच्या दारात उभी असतात. ते इंजिन तेव्हाच किलोवर गेलं. म्हणून सांगतो नानासाहेब, काय करायचं ते करा, उतरवलेलं इंजिन विकू नका. आणि आमच्याकडं आता इंजिन बदललं तर आरसी बुकावर चढवायला लागतं, आरटीओच्या फेऱ्या. तुमी सुखी.

आंबटगोड

मी बायको या पक्षातर्फे लिहिते. आमच्याकडे 1968 ची फायरबर्ड आहे. म्हणजे होती. म्हणजे आहे, पण दिसत नाही. नवरा म्हणाला, ‘हिवाळाभराचं काम आहे.’ एका शॉपला दिली, नाव घेत नाही. त्यांनी जुनं इंजिन उतरवलं, प्रत्येक वायरीला मास्किंग टेपवर पेनने नाव लिहिलं, आणि त्यांच्याकडे काम करणारा माणूस नोकरी सोडून गेला. दोन उन्हाळ्यांनी आम्ही गाडी ओढून घरी आणली, तेव्हा टेपचा डिंक वाळून सगळी नावं तळाशी पडलेली, वायरी वर. एका चिठ्ठीवर ‘फॅन?’ असं प्रश्नचिन्हासकट. आज चौथं वर्ष. गाडीवर ताडपत्री आहे, ताडपत्रीवर मुलाची स्लेड.

कार्बुरेटर जुना असेल, वास मारत असेल, पण आम्ही त्या गाडीतून आइसक्रीम खायला जायचो. नव्या इंजिनाची गाडी आम्ही अजून चालवलेली नाही. म्हणून माझं मत, 307 चं काम काढा. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सील, कॅम, एका महिन्यात गाडी रस्त्यावर.

बे_एरियाचा_बाब्या

एवढाच खर्च करायचा तर एलएस3 कसलं? शेवरलेटचं झेडझेड632 घ्या. 632 क्युबिक इंच, 10.35 लिटर, 1,004 हॉर्सपॉवर, टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, पंपावरचं पेट्रोल चालतं. डॉजच्याच घरच्या मोपारने 2018 ला सेमाच्या प्रदर्शनात 1968 च्या डॉज चार्जरमध्ये हजार हॉर्सपॉवरचं हेलेफंट इंजिन घालून दाखवलं होतं. कंपन्याच करतात की.

कॅलिब्रेशनवाला

कंपनीने प्रदर्शनात केलं आणि गराजमध्ये नानाने केलं, यात फरक आहे. प्रदर्शनातली गाडी दिव्याखाली उभी असते. पॉटहोल नसतो.

नोव्हीचा_नाना

आंबटगोडताई, ते ‘फॅन?’ वाचून पोटात गोळा आला. म्हणूनच शॉपला देणार नाही, वायरिंग हार्नेस तयार मिळतो तो घेणार.

पाहुणाकाका, तुमच्या सासूबाईंच्या वासाबद्दल आदर आहे. पण मला ही गाडी चालवायची आहे. मिशिगनच्या हिस्टॉरिक (जुन्या गाड्यांच्या) प्लेटवर गाडी एरवी प्रदर्शन-परेडपुरतीच काढता येते, ऑगस्टभर मात्र कुठेही. त्या एकतीस दिवसांत मला उत्तरेला मॅकिनॉच्या पुलापर्यंत जाऊन यायचंय, पुलाअलीकडे टो ट्रकची वाट बघत नाही. शिवाय एलएस3 चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा. 454 सारख्या जुन्या बिग ब्लॉकपेक्षा दोनशे पौंडांच्या आसपास हलकं पडतं. पुढचं नाक खाली बसत नाही, वळण घेते. 454 घातलं असतं तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या, आणि गाडी वाईट चालली असती.

अठ्ठ्याहत्तरचा_पाहुणा

वाजवल्या असत्या. लपवत नाही.

पण बोगद्याला करवत लावू नकोस. इंजिन परत बदलता येतं, पत्रा परत येत नाही. आणि ठसा वाचलास का?

नोव्हीचा_नाना

वाचला. रविवारी अडीच तास गेले. पॅसेंजर बाजूच्या हेडच्या पुढे ब्लॉकला सपाट पट्टी असते, तिच्यासमोर नेमका अल्टरनेटर. तो सैल करून बाजूला केला, पन्नास वर्षांचा चिखल खरवडला, ब्रेक क्लीनर मारला, खडू फिरवला. माझी गाडी 1970 ची, बाल्टिमोरच्या कारखान्यातली. ठसा 10 (1 म्हणजे शेवरलेट, 0 म्हणजे 1970) आणि मग बाल्टिमोरचा बी असा सुरू व्हायला हवा होता. 19 ने सुरू होतोय.

म्हणजे हे 307 मुळात 1969 च्या कुठल्या तरी दुसऱ्या शेवरलेटचं. कुणीतरी आधीच बदललंय, काका. तुम्ही ज्याची बाजू घेत होतात ते इंजिनच पाहुणं निघालं.

अठ्ठ्याहत्तरचा_पाहुणा

हं. मी ज्याची बाजू घेत होतो ते इंजिन नव्हतं, पण जाऊ दे.

तरी माझं मत तेच. 1970 चं 350 शोध, चार बॅरलच्या कार्बुरेटरचं, स्टर्लिंग हाइट्सला माझ्या ओळखीच्या एकाकडे दोन पडून आहेत. ब्लॉकवर ओतलेली तारीख जुळते का बघू. एलएस3 च्या निम्माही खर्च येणार नाही.

आंबटगोड

त्या ओळखीच्यांना फायरबर्डच्या वायरिंगमधलं काही कळतं का?