मदत हवी आहे: चार्वाक मरेना, शंकराचार्य गुण कापू देईनात

विश्रामबागकर:
नेटवरची तत्त्वज्ञांची व्यंगचित्रं बघून घरच्या घरी रोलप्लेइंग गेम केलाय. दोनदा बसलो, दोन्ही वेळा भांडणं. अदृश्य राक्षसानं वार केला की चार्वाकवाला म्हणतो, दिसत नाही म्हणजे नाहीच. शंकराचार्यवाला म्हणतो, जखम माया आहे, गुण कापायचे नाहीत. शनिवारी परत बसायचंय. नियम सांगा, लवकर.

माणदेशी_गडी:
लुडोसारखं का? किती जण? फासे कुठले?

विश्रामबागकर:
लुडो नाही हो. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे पात्रं. चौघं आहोत. फासा नेहमीचाच.

माणदेशी_गडी:
नेहमीचा म्हणजे सहाचा?

विश्रामबागकर:
वीसचा! मिळाला नाही म्हणून चिठ्ठ्या काढतोय.

पत्त्यांचा_नाद:
चिठ्ठ्या कशाला? इस्पिक एक्का ते दश्शी म्हणजे १ ते १०, बदामची तीच पानं ११ ते २०. प्रत्येक आकड्याला ५ टक्के, फाशासारखंच. खरं तर सहाचे दोन फासे बरे. ७ पडायची शक्यता ३६त ६, २ची फक्त १. मी कायम...

वाईकर:
फाशाचं विचारलंय कुणी? चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो, म्हणजे इंद्रियांना कळलं तेच खरं, आणि इंद्रियं म्हणजे नुसते डोळे नव्हेत. बाण घुसला की त्वचेला कळतं. गुण कापा. फक्त धूर बघून आग ओळखायची चाल त्याला देऊ नका, ते अनुमान झालं.

कृष्णाकाठ:
चूक. पुरंदर नावाचा चार्वाक मताचाच एक तत्त्वज्ञ व्यवहारापुरतं अनुमान मानत होता म्हणतात.

वाईकर:
मग त्याला 'पुरंदर' नावाचं जादा कौशल्य द्या, फुकट नको. शंकराचार्यांचं सोपंय. जखम पारमार्थिक, म्हणजे अंतिम, सत्य नसेल, पण व्यावहारिक, म्हणजे रोजच्या जगण्यापुरती, तर आहे ना? गुण व्यवहारातलेच.

सातारी_कंदी:
मराठी विश्वकोश वाईचा, म्हणून वाईकर बोलणारच 😄

अधिकारी_व्हायचंय:
यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय घेता येतो. पोरांना सांगा, वेळ सत्कारणी लागेल.

विश्रामबागकर:
पोरं नाहीत हो, आम्ही चाळिशीतले. वाईकर, दोन्ही नियम लिहून घेतले. चौथा नागार्जुन आहे, तो शून्यवादी बौद्ध तत्त्वज्ञ, तो विचारतोय मेलो का जिवंत. जिवंत म्हटलं तरी नाही, मेला म्हटलं तरी नाही, दोन्ही म्हटलं तरी नाही, दोन्ही नाही म्हटलं तरी नाही.

माणदेशी_गडी:
त्याला चहा ठेवायला सांगा.