मदत हवी आहे: इशापूर २ए१ रायफलचं पुढचं लाकूड चिरलंय, बोल्टही अडतोय

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत राहतो, ग्रीन कार्डवर आहे. गेल्या नोव्हेंबरात इथल्या एका दुकानात जुन्या लष्करी रायफलींच्या रांगेत एक काळी रंगवलेली रायफल दिसली. बोल्टच्या (मागेपुढे सरकून काडतूस भरणारा दांडा) मुठीखाली उजव्या अंगाला ठसे होते: ७.६२ एमएम, २ए१, आर.एफ.आय., १९६७. म्हणजे आपल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीची. लाकूड चिरलेलं होतं म्हणून ३१० डॉलरला मिळाली. रीतसर फॉर्म भरला, पार्श्वभूमी तपासणी झाली आणि त्याच दिवशी घरी आणली.

घेण्याचं कारण बाबा. ते राज्य राखीव पोलीस दलात होते, दौंडला. सगळी नोकरी थ्री नॉट थ्री (.३०३ ची जुनी ली-एन्फिल्ड, २ए१ तिच्यावरूनच आली) खांद्यावर घेऊन झाली. रायफल घरी कधी येत नसे, ती आर्मरीतच जमा. पण तिच्या गोष्टी घरी यायच्या. वार्षिक सरावाला झाडलेल्या फैरींच्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागत, आणि एक जरी कमी भरली तर ती मिळेपर्यंत सगळी तुकडी गवत चाळत बसे. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' असतं, ते आपल्या खडकीच्या कारखान्याचं, हेही त्यांनीच सांगितलेलं. मी स्वतः कॉलेजात एनसीसीला होतो. कवायत थ्री नॉट थ्रीवर, नेमबाजी मात्र पॉइंट टूटूवर. त्यामुळे तिचं वजन माहीत आहे, धक्का माहीत नाही. बाबा मे महिन्यात येतायत. त्यांच्या ओळखीची वस्तू त्यांच्या हातात नीट चालणारी द्यायची, एवढीच इच्छा आहे.

आता अडचणी.

पुढच्या लाकडाला मागच्या टोकाशी, चापाच्या वर, तीन इंच लांब चीर आहे. धरून दाबलं तर मिटते, सोडलं की उघडते. शिवाय ते सगळं लाकूडच किंचित हलतं. स्क्रू पूर्ण आवळलेला आहे, तरीही.

बोल्ट रिकाम्या रायफलमध्ये अगदी सुरळीत फिरतो. फैर झाडल्यावर मात्र तळहाताने ठोकल्याशिवाय उघडत नाही, आणि नळी तापेल तसं ते वाढत जातं. पहिली पुंगळी जरा जोर लावून निघाली, आठवीला मी घाबरून थांबलो.

तिसरं म्हणजे नेम. शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा पसारा नऊ इंच. माझा हात कच्चा आहे हे धरलं तरी मित्राच्या दुसऱ्या रायफलवर मी तीन इंचांत मारतो. काडतुसं दुकानातली .३०८ होती (७.६२ चंच नागरी रूप), शिकारीची, १८० ग्रेनच्या गोळीची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप).

एका गनस्मिथला दाखवली. त्याने हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस पुढे टेकतं ती जागा यांतलं अंतर) मोजला. नो-गो गेजवर (मोजमापाचा ठोकळा) बोल्ट बंद होतो, त्याहून लांब फील्ड गेजवर होत नाही. 'वापरू नका, भिंतीवर लावा' एवढंच म्हणाला आणि लाकडाला हात लावायला नकार दिला. लाकूड बदलून नवं घालायचा सल्ला दोघांनी दिला, पण मला शक्यतो हेच ठेवायचं आहे. १९६७ सालापासून तिच्यासोबत आहे ते.

ज्यांच्याकडे २ए१ किंवा जुनी ली-एन्फिल्ड आहे त्यांनी कृपया सांगा: ही चीर सांधता येते का? बोल्ट कशाने अडत असेल? आणि भिंतीवरच लावावी इतकी ती खरोखर धोक्याची आहे का?

प्रतिसाद (पेनसिल्व्हेनिया)

माझ्याकडे दोन आहेत, १९६६ आणि १९६८. चीर कशी पडली ते मी न बघता सांगतो: आधीच्या मालकाने बट (खांद्याला टेकणारं मागचं लाकूड) आधी काढायचा प्रयत्न केला. बटमधून जो लांब स्क्रू जातो त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत बसतं. पुढचं लाकूड जागेवर ठेवून तो स्क्रू फिरवला की चौकोनी टोक लाकडाला आतून पिळतं आणि ते नेमकं तुम्ही सांगताय तिथेच फाटतं. एन्फिल्ड उघडताना आधी पुढचं लाकूड, मग बट. हा क्रम कधीही मोडू नका. आणि लाकूड खेचून, हिसडून काढू नका. पुढून-मागून थोडं थोडं सरळ खाली आणा.

चीर सांधता येते. पण त्या लाकडात पन्नास वर्षांचं तेल मुरलंय, त्यावर कुठलाही गोंद धरणार नाही. आधी अॅसिटोनने चिंधीवर काळं यायचं थांबेपर्यंत पुसा, दोन दिवस सुकू द्या, मग चिरेत पातळ इपॉक्सी भरून शिकंजा लावा. वर आडवी एखादी लाकडी खुंटी घातलीत तर पुन्हा उघडणार नाही.

खरा प्रश्न मात्र चिरेच्या मागे आहे. या रायफलचा सगळा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाशी असलेल्या दोन लहान खांद्यांवर येतो. तिथे पोलाद लाकडाला घट्ट टेकलेलं हवं. लाकूड आक्रसून फट पडली की प्रत्येक फैरीला ते मागेपुढे आपटतं. चीर वाढते आणि नेमही जातो. दोन्ही बाजूंना कठीण लाकडाचे छोटे तुकडे चिकटवून, काजळी लावून जुळवत जुळवत घासा. दोन्हीकडे सारखा डाग उमटला पाहिजे. पत्र्याची पट्टी सरकवून तात्पुरतं चालतं, पण मी ते सांगणार नाही.

स्क्रू आवळूनही लाकूड हलतं, त्याचं कारण म्हणजे पुढच्या स्क्रूभोवती एक पोलादी नळकांडं असतं. लाकूड आक्रसलं, नळकांडं नाही, म्हणून स्क्रू नळकांड्यावरच आवळला जातो. ते कानशीने अगदी कागदाएवढं कमी करा. पुन्हा बसवून बघा, मग पुन्हा. जास्त घासलं तर परत येत नाही.

बोल्टचं उत्तर सोपं आहे. या रायफली साठवताना ग्रीसमध्ये बुडवतात. चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं तो मागचा भाग) राहिलेला थर वाळून लाखेसारखा होतो, तापला की चिकट होतो आणि पुंगळी धरून ठेवतो. म्हणूनच तुमची आठवी पहिलीपेक्षा वाईट होती. मिनरल स्पिरिट आणि चेंबरचा पितळी ब्रश, हवं तर हळू फिरणाऱ्या ड्रिलवर. कापड पांढरं येईपर्यंत.

प्रतिसाद (टेक्सास)

हेडस्पेसबद्दल. तुमच्या गनस्मिथने वापरलेले गेज .३०८ चे असणार: गो १.६३०, नो-गो १.६३४, फील्ड १.६३८ इंच. लष्करी ७.६२ चे चेंबर मुळात थोडे लांबच ठेवलेले असतात, त्यामुळे नो-गोवर बंद होणं आणि फील्डवर न होणं हे या रायफलला चालण्यासारखं आहे. फक्त गेज लावताना बोल्टमधला एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारी आकडी) काढला होता का ते विचारा. बोल्टवरचा नंबर रायफलच्या नंबराशी जुळतो का बघा. बोल्टचं डोकं पूर्ण आवळल्यावरही रेषेच्या फार पुढे फिरत असेल तर ते बदलावं लागेल. शंका वाटली तर ली-एन्फिल्ड जाणणाऱ्या दुसऱ्या गनस्मिथकडे जा. हे काम अंदाजाने करायचं नाही.

१८० ग्रेनची .३०८ मात्र बंद करा. साधी लष्करी मोजमापाची १४७ ग्रेन ७.६२ वापरा. पुष्कळ लोक २ए१ म्हणजे थ्री नॉट थ्री कापून केलेली समजतात. तसं नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने ती या काडतुसासाठी नव्याने, जास्त मजबूत पोलादात बनवली. म्हणूनच मॅगझीन चौकोनी, बारा गोळ्यांचं, आणि मागची साईट दोन हजार यार्डांऐवजी आठशे मीटरपर्यंत. पण लॉकिंग (बोल्ट अडकून बंद होतो ती जागा) अजूनही बोल्टच्या मागच्या बाजूला आहे. तिला उगाच ताण देऊ नका.

तुमची पूर्ण लांबीची आहे याचा खरंच आनंद झाला. इथल्या आयातदारांनी कितीतरी २ए१ कापून आखूड 'जंगल कार्बाइन' म्हणून विकल्या.

प्रतिसाद (न्यू जर्सी)

रायफलपेक्षा महत्त्वाचं. तुमचे बाबा टुरिस्ट व्हिसावर येणार असतील तर केंद्रीय कायद्याप्रमाणे त्यांना बंदूक किंवा काडतुसं ताब्यात घेता येत नाहीत. रेंजवर भाड्याची असो वा तुमची, हाच नियम. एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते. एच-१ व्हिसावरच्या आपल्या मुलांनाही हे माहीत नसतं. घरात त्यांच्या हातात देण्याआधीसुद्धा वकिलाला विचारा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद, सहा आठवड्यांनंतर

सगळ्यांचे मनापासून आभार. चेंबरमधून पहिल्या दिवशी कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी निघालं, तिसऱ्या दिवशी कापड पांढरं आलं. आता बोल्ट दोन बोटांनी उघडतो.

चीर सांधली. मागचे खांदे जुळवायला चार रविवार गेले. डावीकडे डाग यायचा, उजवीकडे नाही. लाकूड उतरवल्यावर आणखी एक गोष्ट कळली: पुढे नळीला खालून रेटणारी एक खिळी आणि तिची स्प्रिंग असते, ती माझ्या रायफलमध्ये नव्हतीच. आधीच्या मालकाकडून हरवली असणार. ती मागवून घातली. नळकांडं तीनदा कानशीने घासलं. दुसऱ्या गनस्मिथने एक्स्ट्रॅक्टर काढून पुन्हा मोजलं. फील्डवर बंद होत नाही, नंबर जुळतात, वापरा म्हणाला. १४७ ग्रेनवर शंभर यार्डांत पाच गोळ्या साडेतीन इंचांत बसल्या, फक्त सगळ्या चार इंच डावीकडे. पुढची माशी (नेम धरायचा नळीवरचा पुढचा काटा) सरकवायला लागेल. ती सरकवायचं अवजार कुणाकडे असेल तर कळवा, हातोडीने ठोकायची इच्छा नाही.

कायद्याचं फोनवर बाबांना सांगितलं. परवान्यासाठी कोर्स करावा लागेल म्हटलं. थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू मार, मी शेजारी बसतो. आणि बट आधी काढायचं नाही हे तुला कुणी सांगितलं? आम्हाला तर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं." त्यांचं तिकीट १२ मेचं आहे. तोवर माशी मध्यावर आणायची आहे.