अनुभव धागा: गावाकडच्या दोन खोल्यांवर छप्पर कसलं घातलंत?

राजापूर तालुका, रत्नागिरी

दिवाळीनंतर कलमांच्या बागेत दोन खोल्या, पुढे पडवी आणि मागे न्हाणीघर एवढंच बांधायला घेतोय, साधारण ४५० चौरस फूट. जोतं आणि भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, हे ठरलंय, पण छपरावरून घरात तीन मतं. बाबांना मंगलोरी कौलं हवीत, भावाला स्लॅब, आणि गवंडी म्हणतो पत्रा मारा आणि मोकळे व्हा. ज्यांनी स्वतः बांधून त्यात निदान दोन पावसाळे काढलेत त्यांनी लिहा प्लीज, पाणी कुठून आलं आणि काय केलंत ते सांगा.

देवरूखजवळ

दादा, कौलंच घाला, पण आधी माकडांचा विचार करा. आम्ही २०१७ ला बांधलं, वासे, रिपा सगळं हौसेने, आणि पहिल्याच वर्षी फणस पिकायला लागले तशी टोळी यायला लागली, फांदीवरून आढ्यावर उडी आणि तिथून घसरत खाली, एका दुपारीत सत्तावीस कौलं गेली. जूनमध्ये रात्री दीडला सासूबाईंच्या गादीवर टपटप सुरू. टॉर्च मारून बघितलं तर कौल फुटलं नव्हतंच, नुसतं दोन बोटं सरकलेलं, काठीने खालून ढकललं आणि पाणी थांबलं. स्लॅबचं तसं नाही, माहेरी स्लॅब आहे, पाणी शिरतं एकीकडे आणि पडतं भलतीकडे, तीन वर्षं शोधतायत. फक्त शंभरेक कौलं त्याच लॉटमधली जास्तीची घेऊन ठेवा, दुसऱ्या छापाचं कौल खाचेत नीट बसत नाही. आणि मे महिन्यात कौलं शाकारायला, म्हणजे पावसाआधी नीट लावून घ्यायला, माणूस मिळत नाही हे खरंय, माझ्या नवऱ्याने शेवटी स्वतः शिकून घेतलं.

श्रीवर्धन

३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमच्या पडवीचा पत्रा घराच्याच वाशांना पुढे वाढवून ठोकलेला होता, तीच चूक. वारा पडवीत खालून शिरला, पत्रा उचलला गेला आणि त्याने घराचे वासेच ओढून काढले, पश्चिमेचं अख्खं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, गेली. आई आणि मी देवघराच्या कोपऱ्यात बसून होतो, समोर आभाळ दिसत होतं. पत्रा नंतर सापडला दुसऱ्यांच्या वाडीत, आडव्या झालेल्या सुपारींमध्ये. आता पडवीचं छप्पर घरापासून वेगळं केलंय, वेगळ्या खांबांवर, म्हणजे गेलं तर तेवढंच जाईल. भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवलाय आणि त्यात सोडलेल्या बोल्टला वासे आवळलेत. खर्च वाढला, पण रात्री वारा सुटला की झोप लागते.

औसा तालुका, लातूर

पावसाचं आमच्याकडे तेवढं नाही, पण छपराच्या वजनाबद्दल लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. आमच्या भागातली घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, दरवर्षी त्यावर नवीन माती टाकायची त्यामुळे जडच होत गेलेलं. उन्हाळ्यात आत इतकं गार की आजोबा दुपारी बाहेर यायचेच नाहीत. तेच माळवद अंगावर आलं. आजोबा गेले.

शेतात दोन खोल्या बांधायला माझी २०१९ उजाडली. विटा सिमेंटात, आणि काँक्रीटचे तीन पट्टे सगळ्या भिंतींवरून सलग, जोत्याला, दारांच्या वर आणि छपराखाली. वर पत्रा, त्याखाली बांबूच्या चटया. एप्रिल-मेमध्ये तापतं, लपवत नाही, दुपारी आम्ही लिंबाखाली असतो. तरी माझ्या मुलांच्या डोक्यावर मी माती ठेवणार नाही.

चंद्रपूर

आमच्याकडे कौलांना कवेलू म्हणतात. वानरांचा तोच त्रास, शेवटी भावाने स्वयंपाकघरावर टिन टाकले आणि झोपायच्या खोलीवर कवेलू ठेवले. मे महिन्यात दोन्हीकडे एकेक तास बसून बघा, मग सांगा.

कुडाळ

वडील गवंडी होते म्हणून लिहिते. चिरा खाणीतून आला की लगेच भिंतीला लावू नका, ताजा असतो तेव्हा मऊ असतो, हवा खाल्ली की कडक होतो. बाबा चिऱ्यावर कोयतीची मूठ आपटून कान लावायचे, भद्द वाजला तर तो बाजूला, आतल्या भिंतीला. आणि छप्पर कसलंही घाला, वळचण, म्हणजे छपराची खालची कड, भिंतीपासून तीन फूट तरी बाहेर काढा, पागोळ्या जोत्याच्या पलीकडे पडायला हव्यात. आमची नैऋत्येची भिंत तेवढी आखूड पाख्याखाली राहिली, तिथे ऑगस्टमध्ये कपाट ठेवता येत नाही.

राजापूर तालुका, रत्नागिरी

कुडाळच्या ताई, वळचण दोनच फूट धरली होती, काल आराखडा बदलला. पडवीला वेगळे खांब देतोय, पट्टा पण घालतोय. भाऊ औशाचा अनुभव वाचून बराच वेळ गप्प होता, मग कौलांना हो म्हणाला. रविवारी सुताराला घेऊन जागेवर जातोय, नेमकी नियोजित आढ्याच्या वरच फणसाची एक फांदी आहे, बाबांच्या हातचं झाड आहे म्हणून त्यांनाच विचारून काय ते ठरवू.