चेटूक, जादू, गारूड, माया – गोष्टीत कुठे काय वापरायचं?

मुलांसाठी साहसकथा लिहितेय, त्यात एक म्हातारी राजपुत्राचा पोपट करून टाकते. याला जादू म्हणू की चेटूक? दोन्हींचा अर्थ तर सारखाच वाटतोय.

*

सारखा नाहीये हो, अजिबात नाही. चेटूक कुणावर तरी केलं जातं आणि वाईटासाठीच, ते करणारी ती चेटकीण. जादू हा फारसीतून आलेला मोकळा शब्द, चांगल्याला चालतो, वाईटाला चालतो, वस्तूंनाही चालतो, म्हणजे जादूची अंगठी, जादूचा दिवा आपण सर्रास म्हणतो पण चेटकाची अंगठी कधी ऐकलीय का? त्यामुळे तुमच्या म्हातारीने सरळ चेटूक करावं. आणि पोपटाचा परत राजपुत्र होईल तेव्हा 'जादू संपली' नका लिहू, 'चेटूक उतरलं' लिहा, ताप उतरावा तसं ते अंगावरून उतरतं, ऐकणाऱ्या पोराला पण हुश्श वाटतं. फक्त तिला हडळ म्हणू नका प्लीज, हल्ली हे दोन शब्द बिनधास्त एकमेकांच्या जागी टाकतात आणि मला ते फार खटकतं. चेटकीण ही जिवंत बाई, हडळ हे मेलेल्या बाईचं भूत.

*

वरच्या उत्तराशी सहमत. जादूला 'टोणा' जोडला की मात्र तो शब्द पार काळा होतो, महाराष्ट्रातल्या २०१३च्या कायद्याच्या नावातच 'जादूटोणा' आहे. करणी तर मुलांच्या गोष्टीत नकोच, तो मोठ्या माणसांच्या संशयाचा शब्द आहे.

गारूड पण बघा. गरुड सापांचा वैरी, म्हणून विष उतरवायचा मंत्र तो गारूड आणि तो जाणणारा गारुडी. आता आपण आवाजाचं गारूड, शब्दांचं गारूड असंच जास्त म्हणतो. कुणी बासरी वाजवली आणि अख्खं गाव भान हरपून मागे चालायला लागलं, तर तिथे गारूडच पाहिजे.

*

मस्त! आणि राणी सारखी रूपं बदलते, तिला मायावी म्हटलं तर?

*

शब्द बरोबर आहे, मारीच सोन्याचं हरीण झाला ती मायाच. पण मुलं आधी आईची माया ऐकतात, त्यांना मायावी आणि मायाळू एकच वाटू शकतं आणि मग दुष्ट राणी प्रेमळ होऊन बसेल. म्हणून पहिल्यांदा येईल तिथेच उलगडून टाका, 'राणी होती मायावी, घटकेत कावळा तर घटकेत मांजर', पुढे नुसतं मायावी पुरेल.