कोनाड्यात बसवायचे कपाट: आतली मांडणी, दारे आणि ओली भिंत यांबाबत मदत हवी आहे

निजायच्या खोलीत खांब आणि बाजूची भिंत यांच्यामध्ये एक कोनाडा आहे. त्यात जमिनीपासून छतापर्यंत कपड्यांचे कपाट करून घ्यायचे आहे. काम सुतार जागेवर येऊन करणार आहेत. मात्र आतली मांडणी आणि मापांचा आराखडा आम्ही द्यावा, असे ठरले आहे. भिंतीला जोडलेले कपाट पुढे कित्येक वर्षे तसेच राहते आणि त्यात बदल करणे म्हणजे जवळजवळ नवे कपाट करणे असते. म्हणून लाकूड कापण्याआधी जाणकारांनी हा आराखडा पाहावा, अशी विनंती आहे.

कोनाड्याची रुंदी जमिनीलगत २७० सेंमी, कमरेच्या उंचीवर २६८ सेंमी आणि छताखाली २६७ सेंमी भरते. उंची २४५ सेंमी आहे. कोनाडा ६५ सेंमी खोल आहे आणि कपाटाचा दर्शनी भाग खांबाच्या रेषेतच राहावा, बाहेर येऊ नये, अशी इच्छा आहे. त्या रेषेपासून पलंगाची कड ७५ सेंमीवर आहे. कोनाड्याची मागची भिंत ही इमारतीची बाहेरची भिंत आहे आणि तिच्या डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून साधारण गुडघ्यापर्यंत, रंगाला फुगवटे आलेले आहेत.

कपडे दोन प्रौढांचे आहेत. शर्ट, विजारी आणि इतर आखूड कपडे बरेच आहेत, कोटासारखे लांब कपडे थोडेच आहेत, घडीचे कपडे पुष्कळ आहेत आणि शिवाय पांघरुणे व प्रवासाच्या बॅगा वरच्या बाजूला ठेवायच्या आहेत. सध्याच्या आराखड्यात सारख्या रुंदीचे तीन भाग आहेत: डावीकडे टांगायचे लांब कपडे, मध्ये ड्रॉवर आणि त्यावर फळ्या, उजवीकडे एकाखाली एक दोन रॉड. पलंग जवळ असल्यामुळे दोन सरकती दारे लावावीत, असा विचार आहे. प्रत्येक भागाचा सांगाडा २४३ सेंमी उंच, एकसंध ठेवायचा आहे.

सरकती दारे योग्य ठरतील की बिजागरीची? तीन भागांची ही विभागणी टिकेल का? फळ्यांसाठी १८ मिमी जाडी पुरेशी आहे का आणि मागच्या भिंतीच्या ओलीचे आधी काय करावे? ओलीचा प्रश्न मला सर्वांत अधिक काळजीचा वाटतो, कारण कपाट उभे राहिले की ती भिंत पुन्हा डोळ्यांना दिसणार नाही.

प्रतिसाद

मी बरीच वर्षे घरगुती फर्निचरची कामे करतो. आपण मापे तीन उंचींवर घेतली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. दारे आणि आतली मांडणी हे दोन वेगळे निर्णय नाहीत, हे प्रथम सांगतो. आपल्या आराखड्यात अडचण आहे ती नेमकी इथेच.

दोन सरकत्या दारांपैकी प्रत्येक दार साधारण अर्धी रुंदी झाकते. आपले भाग मात्र तीन आहेत. याचा अर्थ दोन्ही दारांची भेट मधल्या भागाच्या बरोबर मध्यावर होईल आणि कोणतेही दार कोणत्याही बाजूला सरकवले तरी मधला भाग पूर्ण उघडा मिळणार नाही. तिथेच आपण ड्रॉवर योजले आहेत. ते बाहेर ओढताच येणार नाहीत. दोन सरकती दारेच हवी असतील तर भाग दोन किंवा चार करावे लागतील.

दुसरे कारण खोलीचे. कपडे अडकवलेला हँगर खांद्यांसह ५० ते ५५ सेंमी जागा घेतो, म्हणून आत ५५ सेंमी तरी मोकळे हवेत आणि ६० मिळाले तर उत्तमच. आपल्या ६५ सेंमीमधून मागचा हवेचा पोकळ भाग २ सेंमी, पाठीची फळी १ सेंमी आणि सरकत्या दारांचे दुहेरी रूळ ८ ते ९ सेंमी वजा केले, तर ५३ ते ५४ सेंमी उरतात. बाह्या दाराला घासत राहतील. बिजागरीच्या दाराला २ सेंमी पुरतात, म्हणजे आत सरळ ६० सेंमी मिळतात.

आता पलंगाचे पाहू. सर्वांत कमी रुंदी २६७ धरायची, कारण सांगाडा सर्वांत अरुंद जागेतून जायला हवा. दोन्ही बाजूंना भिंतीच्या वाकडेपणासाठी अडीच-अडीच सेंमीच्या भरणी पट्ट्या सोडल्या की २६२ उरतात आणि प्रत्येक सांगाडा ८७ सेंमींपेक्षा किंचित मोठा होतो. त्यावर दोन दारे म्हणजे प्रत्येक दार ४३ सेंमींच्या आसपास. ते पूर्ण उघडल्यावरही पलंगापर्यंत ३० सेंमींहून जास्त जागा राहते आणि आपण उभे राहणार ते दोन उघड्या दारांच्या मधल्या जागेत. त्यामुळे माझे स्पष्ट मत बिजागरीच्या सहा दारांचे आहे. भरणी पट्टी भिंतीला टेकवून भिंतीची रेघ तिच्यावर आखून घ्यावी आणि त्या रेघेवर रंधा मारावा, म्हणजे वर-खाली कुठेही फट दिसत नाही.

फळ्यांसाठी १८ मिमी प्लायवूड चालेल, पण रुंदीकडे लक्ष द्यावे लागेल. सांगाड्याच्या आत सुमारे ८४ सेंमी मिळतील. फळीवर कपडे सारख्याच दाटीने ठेवले तर वाक हा लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून ८४ सेंमीची फळी ६० सेंमीच्या फळीच्या जवळजवळ चौपट वाकते. घडीच्या कपड्यांच्या भागात मध्ये एक उभी फळी टाकल्यास दोन्हीकडे सुमारे ४१ सेंमींचे खण होतात, वाक राहत नाही आणि कपड्यांच्या चळती एकमेकींवर कलंडत नाहीत. जिथे पूर्ण रुंदीची फळी हवीच असेल तिथे पुढच्या कडेखाली ४ सेंमी रुंदीची उभी पट्टी चिकटवून स्क्रूने पक्की करावी. हाच विचार भुशाच्या दाबीव फळीसाठी केला तर ६० सेंमींपुढे जाऊ नये.

रॉडच्या उंचीसाठी पुस्तकी माप घेऊ नये. घरातला सर्वांत लांब शर्ट हँगरला लावून मोजावा आणि त्यात ५ ते ८ सेंमी मिळवावेत; बहुतेक घरी उत्तर १०० सेंमींच्या आसपास येते. लांब कपड्यांना १५० ते १६० सेंमी लागतात. दोन रॉडपैकी वरचा रॉड घरातल्या सर्वांत बुटक्या व्यक्तीचा हात सहज पोहोचेल एवढ्याच उंचीवर हवा, नाहीतर ती जागा हळूहळू वापरातून जाते. रॉड आणि वरची फळी यांच्यात हँगर उचलण्यापुरती ५ ते ६ सेंमी जागा सोडावी. लांब कपडे थोडेच असतील तर त्यांच्यासाठी पूर्ण भाग देऊ नये. त्या भागात उभी फळी टाकून अर्धाच द्यावा.

प्रतिसाद

दारांविषयीचे वरील मत पटले. मी फक्त भिंतीबद्दल लिहितो, कारण बाकी सगळे नीट करूनही एवढ्या एका गोष्टीने चांगली कपाटे खराब झालेली पाहिली आहेत.

रंगाला फुगवटा आला म्हणजे ओल आहे हे नक्की, पण ती कुठून येते ते आधी ठरवावे लागेल. भिंतीतून पाणी झिरपत असेल तर उपाय बाहेरून करावा लागतो. खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर जमत असेल तर उपाय हवा खेळती ठेवण्याचा असतो. एक साधी चाचणी आहे. फुगलेला रंग खरवडून, पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद चिकटवावा आणि निदान एक दिवस तसाच ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती हवेतली आहे. कोरड्या दिवसांत ही चाचणी फसवी ठरू शकते. पाऊस पडून गेल्यावर ती करणे अधिक विश्वासार्ह.

भिंतीतून ओल येत असल्यास आतून ओलरोधक रंग लावून वेळ मारून नेऊ नये. पाणी भिंतीतच राहते आणि दुसऱ्या जागी वाट काढते. बाहेरच्या गिलाव्यातील भेगा, खिडकीचा कट्टा, नळांचे सांधे हे तपासून दुरुस्त करावे, भिंत वाळू द्यावी आणि मग तीच चाचणी पुन्हा करावी.

त्यानंतरही कपाटाची पाठ भिंतीला टेकवू नये. मागे २ ते ३ सेंमी जागा सोडावी आणि ती जागा खाली पायथ्याशी व वर छतापाशी हवेसाठी उघडी ठेवावी, कारण चारही बाजूंनी बंद केलेल्या पोकळीत हवा कोंडते आणि बुरशी तिथेच धरते. साहित्य घेताना पाणी सहन करणाऱ्या प्रतीचे प्लायवूड घ्यावे, निदान पायथा आणि खालच्या फळीला तरी. कापलेल्या सर्व कडा, न दिसणाऱ्या कडासुद्धा, बंद कराव्यात. ओल फळीत शिरते ती मुख्यतः कडेतून. वाळवीसाठी कपाट बसवण्याआधी भिंत आणि फरशीच्या सांध्यावर उपचार करून घ्यावेत, नंतर हात पोहोचत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

इतक्या मुद्देसूद उत्तरांबद्दल मनापासून आभार. मधल्या भागाचे ड्रॉवर आणि सरकती दारे यांचा संबंध वाचल्यावर आराखडा पुन्हा काढला आहे: आता सहा दारे, तीन सांगाडे आणि डाव्या भागात उभी फळी टाकून अर्ध्यात लांब कपडे, अर्ध्यात घडीचे. पाऊस झाल्यावर प्लास्टिकची चाचणी केली. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले. त्यामुळे बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती आधी करून घेत आहोत आणि सुतारांना तोपर्यंत थांबण्याची विनंती केली आहे. भिंत वाळेपर्यंत मिळालेला वेळ बारकाव्यांसाठी वापरायचा आहे. सांगाड्यांच्या २४३ सेंमी उंचीबद्दल आणि दारांच्या बिजागऱ्यांबद्दल कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद

२४३ सेंमी उंचीचा सांगाडा आपल्या खोलीत उभाच राहणार नाही. सांगाडा जमिनीवर आडवा जोडून मग उचलला जातो आणि उभा होताना त्याचा कर्ण छताखालून जावा लागतो. उंची २४३ आणि खोली ६० असेल तर कर्ण २५० सेंमींच्या थोडा वर जातो, छत मात्र २४५ वर आहे. यावर उपाय म्हणजे १० सेंमी उंचीचा पायथा वेगळा करून आधी लेव्हलमध्ये बसवावा आणि सांगाडा २३० सेंमींचा ठेवावा. त्याचा कर्ण २३८ सेंमींच्या आत राहतो. उभा झाल्यावर तो उचलून पायथ्यावर ठेवता येतो आणि वर उरलेले ५ सेंमी पट्टीने झाकता येतात, हवेसाठी तिथे छिद्रेही ठेवता येतात. फरशीचा उतार पायथ्यातच निघून जातो, हा मोठा लाभ. पाठ ठोकण्यापूर्वी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत ना हे पाहावे, नाहीतर दारे कधीच सरळ रेषेत येत नाहीत. उभे सांगाडे एकमेकांना आणि भिंतीला पक्के करणे विसरू नये; सगळे ड्रॉवर एकदम उघडले की सुटे कपाट पुढे झुकते.

प्रतिसाद (पहिल्या प्रतिसादाचे लेखक)

बिजागऱ्यांचे सांगतो. २३० सेंमी उंच दाराला दोन-तीन बिजागऱ्या कधीच पुरत नाहीत, पाच लावाव्यात. एवढे उंच दार वाकण्याची भीती असते, म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना लॅमिनेट हवेच. एकाच बाजूला लावले तर दोन बाजू वेगवेगळ्या प्रमाणात ओल घेतात आणि दार धनुष्यासारखे वळते. आतल्या बाजूला पातळ लॅमिनेट चालते, पण ते वगळून चालत नाही.

दारामागच्या ड्रॉवरसाठी आणखी एक माप आराखड्यात लिहा. काटकोनात उघडलेले दार आणि त्याची बिजागरी थोडी आत येतात, त्यामुळे ड्रॉवर त्यांना अडतो. दोन्ही बाजूंना २ सेंमीची आधारपट्टी देऊन त्यावर ड्रॉवर सरकवणारे चॅनल बसवावे. आतली रुंदी ८३.७ सेंमी असेल तर पट्ट्यांचे ४ आणि चॅनलचे अडीच वजा जाऊन ड्रॉवरच्या पेटीची बाहेरची रुंदी ७७ सेंमींच्या आसपास येईल. नेमके माप मात्र चॅनल हातात आल्यावरच ठरवावे.

आराखड्यात प्रत्येक मापापुढे ‘आतले’ की ‘बाहेरचे’ हे अवश्य लिहावे. १८ मिमीच्या दोन फळ्यांमुळे दोहोंत ३६ मिमींचा फरक पडतो आणि तीन सांगाड्यांत तो दहा सेंमींच्या पुढे जातो. दारांची अंतिम मापे सांगाडे जागेवर बसल्यानंतर घ्यावीत आणि दारे त्यानंतरच कापावीत.